चार माइक आणि एक कीर्तन

2020 मध्ये देवळं बंद होती, म्हणून कीर्तन घरून ऑनलाइन करायचं ठरलं. बुवा, पेटी, तबला, झांज. माझ्याकडे दोन यूएसबी माइक होते, थेट लॅपटॉपला जोडायचे. एक बुवांसमोर ठेवला, दुसरा तबल्यापाशी. पूर्वरंग झकास गेला. उत्तररंगात फोन सुरू झाले: "अरे, तबला मागे का पडतोय?"

कारण पुढे कळलं. प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ स्वतंत्र असतं. त्या घड्याळाच्या तालावर माइक आवाजाचे नमुने, म्हणजे बारीक मोजमापं, घेतो. समजा एकाने सेकंदाला 48,000 नमुने घेतले आणि दुसऱ्याने 48,001, तर तासाभरात 3,600 नमुन्यांची तफावत पडते, म्हणजे 75 मिलीसेकंद. गप्पांमध्ये हे खपून जाईल, ठेक्यात नाही. तेव्हा एकाहून जास्त माइक लागणार असतील तर एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचे) माइक आणि चार इनपुटांचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे सगळे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, घ्या. सगळे एकाच घड्याळावर चालतात. त्याऐवजी यूएसबी मिक्सर (आवाज एकत्र मिसळायचं यंत्र) घेताना दुकानात विचारा, लॅपटॉपकडे प्रत्येक माइक वेगळा जातो का? स्वस्तातले बरेच मिक्सर सगळं एकत्र करून दोनच चॅनेल पाठवतात.

इंटरफेस आला आणि मी हौसेने चार कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारे) मांडले, त्यांना केबलमधूनच वीज देणारं 48 व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण दाबलं. आवाज आधीपेक्षा वाईट! पंखा, बाहेरची रिक्षा, सगळं चारपट. झांज तर चारही माइकांत. आवाज मीटरभर जायला साधारण 3 मिलीसेकंद घेतो. तबला स्वतःच्या माइकमध्ये आधी आणि बुवांच्या माइकमध्ये किंचित उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की तबला पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखा येतो.

मग साधे डायनॅमिक माइक (कमी संवेदनशील) आणले आणि वाद्यांच्या जवळ ठेवले. तबला-डग्ग्याच्या मध्ये, वीतभर वर. पेटीला भात्याच्या बाजूने लावू नका, फसफस येते. समोरून, थोडा वरून. माइक वाद्यापासून एक वीत असेल तर शेजारचा माइक या माइकपासून निदान तीन विती लांब हवा. झांजेचा माइक मी काढूनच टाकला. ती बाकीच्या तीन माइकांत आपसूक येते, खरं तर नको इतकी.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना बुवांना "हॅलो, वन टू थ्री" म्हणायला लावू नका. तार सप्तकातली ओळ गाऊन घ्या आणि तेव्हा आवाजाची पातळी दाखवणारं मीटर उणे 10 ते उणे 6 डेसिबलपर्यंत जाईल एवढंच ठेवा. हेडफोन लावून प्रत्येक माइक एकेकटा ऐका, मग सगळे मिळून. शेवटी कुणाला तरी दुसऱ्या खोलीत मोबाइलवर ऐकायला बसवा. आमच्याकडे हे काम पुतणीचं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. बुवा रंगात आले की पेटीवाल्याकडे वळतात आणि माइक सुटतो. जमिनीवर खडूने रेघ मारून दिली होती. आख्यानाच्या पाचव्या मिनिटाला बुवा रेघेपलीकडे. तेव्हापासून माझं एक बोट कायम त्यांच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर असतं.