यूव्हीची पद्धत मास स्पेक्ट्रोमीटरला जोडण्याआधी

यूव्ही डिटेक्टरवर बसवलेली लिक्विड क्रोमॅटोग्राफीची पद्धत आता मास स्पेक्ट्रोमीटरवर चालवायची असेल, तर आधी मोबाइल फेजच्या, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाच्या, बाटलीवरचं लेबल वाचा. फॉस्फेट बफर असेल तर तिथेच थांबा. यूव्हीला फॉस्फेट जवळजवळ दिसतच नाही, म्हणून आपण तो बिनदिक्कत वापरतो. सोर्समध्ये, म्हणजे द्रव फवारून आयन बनतात तिथे, मात्र पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात; आत शिरण्याच्या छिद्राभोवती पांढरी खपली धरते आणि सिग्नल उतरत जातो. त्याऐवजी उडून जाणारं काहीतरी घ्या: ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड, किंवा ५ ते १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट नाहीतर ॲसिटेट. फक्त एक लक्षात असू द्या. फॉर्मेट पीएच ३.८ च्या आसपास धरून ठेवतं, ॲसिटेट ४.८ च्या. सातच्या फॉस्फेटची जागा यांतलं कुणीच धड घेत नाही, तेव्हा रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) हलणार हे गृहीत धरा. टीएफएने (ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिडने) पीक देखणे येतात, पण सिग्नल दबतो. ट्रायएथिलअमीन तर एकदा आत गेलं की पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन आयन मोजताना) १०२ या वस्तुमानावर मुक्कामच ठोकतं.

कॉलम ४.६ मिलिमीटरचा असेल तर २.१ चा काढा. छेदाचं क्षेत्रफळ जवळपास पाचपट कमी होतं, म्हणून मिनिटाला १ मिलिलिटरचा प्रवाह ०.२ वर येतो आणि स्प्रेला तोच मानवतो. इंजेक्शनही त्याच प्रमाणात कमी करा. नमुना गाळून घ्या आणि भरपूर पातळ करा. यूव्हीच्या सवयीने मिलिग्रॅममध्ये टोचलात तर पुढचे दोन दिवस ब्लँकमध्ये (नमुन्याशिवायच्या इंजेक्शनमध्ये) तोच दिसत राहील.

बाटल्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. साबणाने धुतलेली बाटली इथे चालत नाही. आमच्याकडे कुणीतरी चांगल्या मनाने ती घासून ठेवली आणि स्पेक्ट्रममध्ये ४४ च्या अंतराने कंगव्यासारखे दाते उभे राहिले. आम्ही बिचाऱ्या कॉलमवर संशय घेत बसलो. ३९१ दिसलं तर प्लास्टिक मऊ करणारा थॅलेट आठवा. पाण्याच्या बाटलीत वरून भर घालू नका, ती रिकामी करून नव्याने भरा.

व्हॅक्यूम तोडला असेल तर पंप रात्रभर चालू द्या, कॅलिब्रेशन सकाळी. नायट्रोजनचा दाब आणि पंपातल्या तेलाची पातळी तेव्हाच बघून घ्या. सुरुवातीची एक-दोन मिनिटं, क्षार बाहेर पडतात तेवढा वेळ, प्रवाह डायव्हर्ट व्हॉल्व्हने वेस्टकडे वळवा.

नमुना रक्तातला किंवा मातीतला असेल तर कॉलमनंतर टी (तीन तोंडांचा जोड) लावून प्रमाणित द्रावण सतत सोडा आणि रिकामं मॅट्रिक्स, म्हणजे शोधायचा पदार्थ नसलेलं तेच रक्त किंवा माती, टोचा. सपाट रेषेत जिथे खड्डा पडेल तिथे मॅट्रिक्स सिग्नल दाबतं; तिथे तुमचा पीक यायला नको. आणि अपेक्षित वस्तुमान (रेणू अधिक एक प्रोटॉन) सापडलं नाही म्हणून नमुना फेकण्याआधी त्याच्यापुढे २२ वर नजर टाका. तो बहुधा सोडियम घेऊन तिथे बसलेला असतो.