सोलरच्या पाइपातून उष्णता किती जाते?

गच्चीवरच्या सोलरचं पाणी बाथरूममध्ये कोमट येत असेल, तर टाकीला दोष देण्याआधी पाइपाची गळती मोजा. उष्णतेची गळती, पाण्याची नव्हे. थर्मामीटर, बादली आणि घड्याळ एवढं पुरतं.

नळ सोडा आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. घाई केलीत तर पाइपात साचलेलं गार पाणीच मोजाल. अर्ध्या इंची पाइपात मीटरमागे साधारण पावणेदोनशे मिली पाणी असतं, म्हणजे 20 मीटरला साडेतीन लिटर. मग त्याच थर्मामीटरने टाकीजवळ आणि नळाशी तापमान घ्या. मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते बादलीवर मोजा.

लिटर गुणिले अंशांतला फरक गुणिले 70, की झाले वॅट. मिनिटाला 6 लिटर आणि 2 अंश फरक असेल, तर 840 वॅट वाऱ्यावर गेले!

नळ बारीक केला की फरक वाढतो, कारण पाणी पाइपात जास्त वेळ राहतं. वॅट मात्र जवळपास तेवढेच राहतात. म्हणून प्रवाह न मोजता नुसत्या अंशांवरून निष्कर्ष काढू नका. आकडा मोठा निघाला, तर उघड्या पाइपाला फोमची नळी चढवा, कोपरे आणि व्हॉल्व्हसुद्धा झाका.