सेकंडहँड लॅपटॉपची रॅम 'गेली' म्हणण्याआधी या चुका टाळा

माझ्या भाच्याने पावसाळ्याच्या तोंडावर सेकंडहँड लॅपटॉप घेतला. आठवडाभरात निळी स्क्रीन, त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट'. मित्र म्हणाले, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) गेली. हा पठ्ठ्या तडक पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन ८ जीबीची नवी स्टिक (रॅमची पट्टी) घेऊन आला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच! रॅम ठणठणीत होती, बिघाड स्लॉटमध्ये, म्हणजे ती बसते त्या जागेत होता.

त्या निळ्या स्क्रीनवरच्या नावावर भिस्त ठेवणं ही पहिली चूक. बिघडलेला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा डिस्कसुद्धा तोच संदेश दाखवू शकते. दर वेळी वेगळाच एरर, झिप फाइल उघडताना 'करप्ट', विंडोज टाकताना मध्येच अडकणं असं दिसलं, तर रॅमवरचा संशय वाढवा.

दुसरी चूक घाईची. विंडोजमधलीच रॅमची चाचणी, विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, एकदा चालवून 'एरर नाही' आलं की लोक निश्चिंत होतात. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हे फुकट मिळणारं टूल टाका (त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या) आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करून रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आला तरी काहीतरी बिघडलंय असंच धरायचं. 'एकच तर आहे' असं इथे चालत नाही. ही टेस्ट चालवायला सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून लॅपटॉप सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागलं, तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर उभे राहाल.

भाचा चुकला तो पुढच्या पायरीवर. एरर आले की लगेच स्टिक बदलू नका. एकच स्टिक एका स्लॉटमध्ये लावून टेस्ट करा, मग त्याच जागी दुसरी. दोन्ही पास झाल्या, तर तीच चांगली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. तिथेच एरर आले, तर दोष स्लॉटचा. वेळखाऊ आहे, पण पैसे वाचतात.

लॅपटॉप उघडण्याआधी चार्जर काढा, बॅटरीचं कनेक्शन सोडवा. स्टिकच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसा आणि चुरा झटका. नुसती काढून पुन्हा लावल्यावरही कित्येकदा काम होतं. स्टिक तिरकी घालून खाली दाबा, क्लिप 'टक्' वाजली पाहिजे. पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हे काही चालणार नाही.

विकत घेताना जुन्या स्टिकवरचं लेबल वाचा. त्यावर रॅमचा प्रकार असतो: डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. स्टिकच्या कडेवरची खाच दोन्हींची सारखी असल्याने साधी डीडीआर३ बसते खरी, पण १.३५ च मागणारा लॅपटॉप त्यावर सुरूच होणार नाही. डीडीआर४ ची खाच वेगळी, ती बसणारच नाही.

भाच्याचा लॅपटॉप आता एकाच स्लॉटवर ती ८ जीबीची स्टिक लावून सुरळीत चाललाय. जुनी ४ जीबीची माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.