व्हाळाच्या पाण्यावर वाडीसाठी वीज: विद्यार्थ्यांनी प्रकल्प कसा उभारावा

कोकणातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सह्याद्रीच्या पायथ्याशी, सदाहरित जंगलाच्या कडेने वसलेल्या वाड्यांसाठी काही करायचे असेल, तर बारमाही व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, छोटा जलविद्युत संच हा माझ्या मते सर्वांत योग्य विषय आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्याच्या मोहात पडून ऑगस्टमध्ये मोजमाप करू नये. व्हाळ एप्रिलमध्ये मोजावा, कारण संच तेव्हाच्या पाण्यावर चालला तरच तो बारा महिने चालेल.

मोजण्यासाठी मातीचा तात्पुरता बांध घालून सगळे पाणी एका पाइपातून काढावे, त्याखाली वीस लिटरची बादली धरावी आणि ती भरण्यास किती सेकंद लागतात ते चार-पाच वेळा पाहून सरासरी काढावी. बादली चार सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला पाच लिटर झाला. पाणी वळवण्याची जागा आणि टर्बाइनची (पाण्याने फिरणाऱ्या चाकाची) जागा यांच्या उंचीतील फरक गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने टप्प्याटप्प्याने मोजावा. मोबाइलवरच्या उंचीवर मुळीच विसंबू नये. प्रवाह, उंची आणि ९.८१ यांचा गुणाकार म्हणजे वॉट. पाच लिटर व वीस मीटर यांचे ९८१ वॉट होतात. लहान संचात त्यातील निम्मे हाती आले तरी समाधान मानावे. तेवढ्यावर नऊ वॉटचे चाळीस दिवे लागून मोबाइल चार्ज करण्यापुरती वीज उरते. यातही व्हाळातले सगळे पाणी वळवू नये. खालच्या पाणवठ्याचा आणि माशांचा वाटा आधी वजा करावा.

पाइपात काटकसर नको. शंभर मीटर लांबीच्या ६३ मिलिमीटर पाइपात हा प्रवाह घर्षणामुळे पाच-सहा मीटर उंची गमावतो, तर ९० मिलिमीटरच्या पाइपात जेमतेम एक मीटर. दिवे मालवले की भार घटून टर्बाइन बेफाम फिरू लागते, म्हणून उरलेली वीज पाणी तापवण्याच्या कॉइलकडे वळवणारा लोड कंट्रोलर अवश्य बसवावा.

खरी परीक्षा मात्र पाइपाच्या मुखाशी पालापाचोळा अडवण्यासाठी बसवलेली जाळी घेते. आमच्या पहिल्या संचात ती उभी होती; एका रात्रीत जांभळाची आणि किंजळाची पाने तिला चिकटून बसली व पहाटे दिव्यांत नुसता लाल तंतू उरला, कारण तेव्हा आम्ही जुने पिवळे दिवे लावले होते. खराट्याने पाने ओढता ओढता वाडीतील आजी म्हणाल्या, "जाळी जरा निजव रे, पानां आपसूक व्हावान जातली." जाळी तिरपी केल्यावर पाने पाण्याबरोबर घसरून पुढे जाऊ लागली.

जागा वनजमिनीत येत असेल, तर वनहक्क कायदा, २००६ यातील कलम ३(२) पाहावे: अपारंपरिक ऊर्जेसह शासनाच्या व्यवस्थापनाखालील काही सुविधांसाठी, प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरहून कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. म्हणून वनखात्याच्या कचेरीत जाण्याआधी ग्रामसभेत जावे. टर्बाइनची खोली पुराच्या खुणेच्या वर बांधावी. ती खूण जुनीजाणती माणसेच दाखवू शकतात.

बेअरिंगला ग्रीस देणे आणि जाळी झाडणे ही कामे वाडीतील दोघांना स्वतःच्या हाताने करायला लावावीत. विद्यार्थ्यांची परीक्षा मे महिन्यात असते आणि मृगाचा पहिला लोंढा वर्षभराचा पालापाचोळा घेऊन त्यानंतर लगेचच येतो.