हीटरचा दिवा विझला म्हणून पाण्यात हात घालू नका : माशांच्या टँकच्या मेंटेनन्समध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

दिवाळी सरली की नाशिककडे आमच्या कामाची तऱ्हा बदलते. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागतात, घरोघरी माळ्यावरचे हीटर खाली निघतात आणि रात्री-बेरात्री फोन सुरू होतात. मुंबईत काम शिकून आलेल्या मुलांनी हीटर फारसा हाताळलेला नसतो, तिथे त्याची गरजच क्वचित पडते. पाणी मुरवणं, पीएच, फिल्टर, कोणता मासा कोणाबरोबर ठेवायचा, हे तुम्हाला येतं असं धरतो. मला सांगायचंय ते विजेबद्दल, कारण या धंद्यात माशाच्या चुकीनं मासा जातो, विजेच्या चुकीनं माणूस जातो.

पंचवटीतल्या एका जुन्या घरी पाणी बदलायला गेलो होतो. हीटरचं बटण बंद केलेलं, हीटरवरचा लाल दिवा विझलेला, एंजल मासे निवांत फिरताहेत. हात कोपरापर्यंत आत गेला आणि झटका थेट खांद्यात बसला. फरशी ओली होती, पायात चप्पल नव्हती. त्या संध्याकाळी मूठ नीट आवळता येत नव्हती. बटण बंद असताना करंट आला कुठून, हे मला नंतर एका वायरमननं बोर्ड उघडून दाखवलं. तेच इथे सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

बटण दोनपैकी एकच वायर तोडतं. ती फेजची, म्हणजे करंट आणणारी, असायला हवी. जुन्या घरांत, किंवा कुणीतरी घाईत जोडलेल्या बोर्डात, फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले असतात. मग बटण न्यूट्रल तोडतं. हीटर बंद पडतो, दिवा विझतो, पण आतल्या कॉइलवर २३० व्होल्ट तसेच बसलेले असतात. काच आणि वरचं रबरी टोपण शाबूत आहे तोवर काही कळत नाही. काचेला केसाएवढी चीर गेली किंवा टोपणातून पाणी झिरपलं की अख्खा टँक फेजवर येतो.

मग मासे कसे जगतात? टँक काचेचा, खाली लाकडी स्टँड, त्यामुळे करंटला जमिनीकडे जायला वाट नसते. सगळं पाणी विजेच्या एकाच दाबावर असतं आणि मासा त्यातच असतो. वाट तयार होते तुमच्यामुळे : हात पाण्यात, पाय ओल्या फरशीवर. म्हणून ‘मासे मजेत आहेत, म्हणजे पाण्यात करंट नाही’ हे वाक्य कोणीही सांगितलं तरी मानू नका. दिवा विझणं हाही पुरावा नाही, पाणी पुरेसं तापलं की थर्मोस्टॅटही दिवा विझवतोच. टेस्टरचा दिवा लागला तर लांब राहा. नाही लागला तरी त्यावर विसंबू नका.

पिन काढायची. हीटरची, फिल्टरची, लाइटची, सगळ्या. सॉकेटमधून बाहेर काढून डोळ्यांना दिसेल अशी ठेवायची, मगच हात घालायचा. पिन किंवा बोर्ड ओला असेल तर त्याला हात न लावता आधी मेन बंद करायचा.

‘एमसीबी आहे ना, पडेल की’ असं गिऱ्हाईक म्हणतं. नाही पडत. १०० वॉटचा हीटर अर्ध्या अँपिअरहूनही कमी ओढतो आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा स्विच, असतो ६ किंवा १६ अँपिअरचा. माणसातून जाणारा करंट त्याच्या लेखी काहीच नाही. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. ज्या घरी तो नाही तिथे मी हीटर बसवायच्या आधी तो बसवून घ्यायला सांगतो. दोन गिऱ्हाइकं त्यापायी सुटली तरी चालतील. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोल देऊन वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

पिन काढल्यावर लगेच पाणी उपसू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. हीटरची तापलेली नळी उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी आलं की काच तडकते. बहुतेक चिरा मला अशाच पडलेल्या दिसल्या आहेत. चीर गेलेल्या हीटरला एम-सील लावून तो पुन्हा टँकमध्ये सोडणारे लोक आहेत. ‘आमचा वर्षभर चालला’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्याकडून दुसरं काहीही शिका, हे शिकू नका. तसंच बादलीत पाणी तापवायचा रॉड टँकमध्ये घालू नका, पाच मिनिटांसाठीही नाही.

उस्तादाबद्दल माझं मत पक्कं आहे. पाण्यात हात घालण्याआधी त्याचा हात पिनेकडे जातो का, एवढं बघा. जात नसेल तर मासे त्याच्याकडून शिका आणि वीज एखाद्या जुन्या वायरमनकडून. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय किंवा वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था अशा ठिकाणी शिकायची संधी मिळाली तर सोडू नका, पण तिथून आलात तरी गिऱ्हाइकाच्या घरचा बोर्ड तुम्हालाच ओळखायचा आहे.

आता अपघातानंतरचं. सगळ्यात जास्त फोन येतात ते थर्मोस्टॅट चिकटून हीटर चालूच राहिल्याचे. १०० लिटरच्या टँकमध्ये २०० वॉटचा हीटर असा अडकला तर साधारण ३५ मिनिटांत पाणी एक अंशानं चढतं. थंड खोलीत थोडी उष्णता निघून जाते, तरी सकाळपर्यंत ३५ अंश गाठणं अवघड नाही. म्हणून मी २०० चा एक लावण्याऐवजी १०० चे दोन लावतो. एक अडकला तरी वेग निम्मा, एक बंद पडला तरी मासे गारठत नाहीत.

एकदा पहाटे एका काकूंचा फोन आला. ‘अरे, सगळे वर तोंड करून धापा टाकतायत रे. फ्रीजमधलं पाणी ओतू का?’

‘काकू, काही ओतू नका. हात घालू नका. आधी पिन काढा, कोरड्या हातानं. मग फक्त एअर पंप लावा, फुल.’

गरम पाण्यात मासा आधी श्वासानं घाबरा होतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला ७ च्या आसपास, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. म्हणून आधी हवा, मग गारवा. झाकण उघडा, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या, पंख्याची वायर मात्र टँकपासून लांब. पारा ३५ च्या वर असेल तर पहिले दोन-तीन अंश तासाभरात उतरवतो, त्यापुढे तासाला एक-दीड अंशच. बदलायचं पाणी थोडं थोडं आणि अँटी-क्लोरीन घातलेलं. काकूंचे एंजल वाचले. हीटरच्या नळीला चिकटून बसलेला प्लेको (तोंडानं चिकटून राहणारा मासा) भाजला होता, पोटावर पांढरा चट्टा. त्याला औषधांचा मारा केला नाही, वेगळ्या टबात स्वच्छ पाणी आणि स्पंज फिल्टर, एवढंच. मिथिलिन ब्लू हे निळं औषध वापरायचंच असेल तर ते अशा टबातच. मोठ्या टँकमध्ये ते फिल्टरचे जिवाणू मारतं.

दोन दिवस खाणं बंद. माशांना भूक लागेल याची काळजी गिऱ्हाइकाला असते, ती तुम्ही करू नका. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर तो तसाच सुरू करू नका, आतलं सडकं पाणी टाकून स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या. आठवडाभर रोज अमोनिया तपासा.

उलट प्रकार, म्हणजे हीटर मरून पाणी गार पडलेलं, दिसायला शांत असतो. मासे तळाला, पंख मिटलेले. तिथेही घाई नको, तासाला एक अंश. पण निघताना गिऱ्हाइकाला एक गोष्ट नक्की सांगून या : मासे दुसऱ्या दिवशी खेळायला लागले तरी आठवडाभर अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके येतात का ते बघा. आले तर त्याच दिवशी फोन करायचा. औषध बाटलीवर लिहिलंय त्या मापानंच, लोच आणि कॅटफिश असतील तर निम्म्या डोसनं सुरुवात, आणि औषध चालू असताना कोळसा फिल्टरमधून काढलेला.