चुनखडीचा प्लग सिम्युलेटरला देण्यापूर्वी

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर अंतरावर समुद्रात असलेल्या मुंबई हाय या क्षेत्राचा शोध 1974 मध्ये लागला आणि 1976 मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडीत आहे. चुनखडी पाण्यात विरघळत असल्याने तिच्यात सूक्ष्म छिद्रांबरोबर मोठ्या पोकळ्याही आढळतात, त्यामुळे सिम्युलेटरसाठी, म्हणजे साठ्यातील तेल-पाण्याचा प्रवाह गणिताने दाखवणाऱ्या संगणकीय प्रणालीसाठी, अशा खडकाचे मोजमाप करताना वालुकाश्म मोजण्याची सवय घातक ठरू शकते.

पहिली चूक बहुधा मोजण्याआधीच, नमुना निवडताना होते. पोकळ्यांनी भरलेल्या कोअरमधून (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलातून) प्लग, म्हणजे छोटा दंडगोल नमुना, कापताना तो तुटतो, म्हणून हात आपोआप अखंड, घट्ट भागाकडे वळतो आणि सर्वांत चांगला खडक आकडेवारीतून गळतो. त्यासाठी प्लग ठरावीक अंतरावरच कापावेत, तुटलेल्यांची नोंद ठेवावी आणि पोकळ्यांच्या पट्ट्यात पूर्ण व्यासाचा कोअर मोजावा.

त्यानंतर टोल्युईनने तेल आणि मिथेनॉलने मीठ काढून नमुना वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. ही पायरी उरकण्याचा मोह फार होतो, म्हणून एक उदाहरण पाहू. 3.8 सें.मी. व्यासाच्या आणि 5 सें.मी. लांबीच्या प्लगचे एकूण आकारमान 56.7 घ.सें.मी. भरते. कोरडे वजन 122.9 ग्रॅम आणि हेलियमने मोजलेले कणांचे आकारमान 45.4 घ.सें.मी. असेल, तर कणघनता (छिद्रे वगळून फक्त कणांची घनता) 2.71 ग्रॅम प्रति घ.सें.मी. येते, म्हणजे चुनखडीचे मुख्य खनिज असलेल्या कॅल्साइटचीच, आणि सच्छिद्रता (एकूण आकारमानातील छिद्रांचा वाटा) 19.9 टक्के. आता आत 1 घ.सें.मी. तेल राहिले असे समजा: कणघनता 2.67 वर उतरते आणि सच्छिद्रता 18.2 टक्क्यांवर. सच्छिद्रतेकडे नुसते पाहून ही चूक कळत नाही, कणघनता मात्र ती लगेच दाखवते. डोलोमाइटची घनता 2.87 असल्याने आकडा वर गेला तर खनिजे तपासावीत.

वायूने मोजलेली पार्यता (खडकातून द्रव किंवा वायू वाहू देण्याची क्षमता) कमी दाबावर खरीपेक्षा जास्त दिसते. म्हणून वेगवेगळ्या सरासरी दाबांवर मोजून, दाबाच्या व्यस्तासमोर आलेख काढून, रेषा शून्यापर्यंत मागे न्यावी. यालाच क्लिंकेनबर्ग दुरुस्ती म्हणतात. सच्छिद्रता आणि पार्यता दोन्ही खडकावरील प्रत्यक्ष भाराइतक्या दाबाखाली मोजाव्यात. सापेक्ष पार्यतेसाठी (तेल आणि पाणी एकत्र असताना प्रत्येक किती सहज वाहते हे मोजण्यासाठी) धुतलेला नमुना तसाच वापरू नये. तेलात मुरवून त्याची मूळ ओलेपणाची प्रवृत्ती (पृष्ठभागाला तेल चिकटते की पाणी) परत आणावी लागते, कारण चुनखडी पुष्कळदा तेलाकडे झुकलेली असते.

पडताळणीत प्रथम कोअरवरील गॅमा नोंद (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराची नोंद) विहिरीच्या लॉगशी, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदीशी, जुळवून खोली दुरुस्त करावी. एका मीटरच्या फरकानेही पातळ थर चुकीच्या आकड्यांशी जोडले जातात. त्यानंतर घनता लॉगची सच्छिद्रता ताडून पाहावी: लॉगवर 2.40 वाचले, कणघनता 2.71 आणि द्रवाची घनता 1.0 धरली, तर 18.1 टक्के येते. शेवटी विहीर-चाचणीतून (विहिरीतील प्रवाह आणि दाबाच्या मोजणीतून) मिळालेला पार्यता आणि थराच्या जाडीचा गुणाकार कोअरवरून काढलेल्या अशाच गुणाकारांच्या बेरजेसमोर ठेवावा. कोअर बहुधा निरपेक्ष पार्यता (एकच द्रव किंवा वायू असतानाची) देतो, तर चाचणी तेलाची प्रभावी पार्यता (सोबत पाणी असतानाची) दाखवते, त्यामुळे आधी दोन्ही एकाच पायावर आणावेत. तरीही चाचणीचा आकडा कितीतरी मोठा निघाला, तर भेगा किंवा निवडीत गळलेल्या पोकळ्या शोधाव्यात. सगळ्या थरांना सरसकट एकच गुणक लावल्यास आकडा जुळेल, पण पाणी कोणत्या थरातून आधी येईल हे सिम्युलेटर चुकीचे सांगेल.