ऑर्किड आयडी कसा काढावा आणि कामाला कसा लावावा

एस. पाटील या नावाने शोधनिबंध शोधून पाहा. मृदाशास्त्र, हृदयरोग, मध्ययुगीन इतिहास, संगणक अशा सगळ्या शाखांतले पाटील एकाच यादीत येऊन बसलेले दिसतील. त्यातलाच एखादा पाटील एका निबंधावर एस. आर., दुसऱ्यावर वडिलांच्या पूर्ण नावासकट आणि तिसऱ्यावर आडनाव आधी अशा तीन तऱ्हांनी छापलेला असतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं पीएच.डी.चं काम माहेरच्या नावावर राहतं आणि पुढचं सासरच्या. या गोंधळावरचा उतारा म्हणजे ऑर्किड (ORCID) आयडी, संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक. ऑर्किड ही ना-नफा संस्था २०१२ पासून हा क्रमांक देते. तो मोफत मिळतो आणि आडनाव, नोकरी, देश बदलला तरी तोच राहतो.

क्रमांक कसा असतो

चार-चारच्या चार गटांत सोळा स्थानं. ऑर्किड नमुना म्हणून जोसाया कार्बेरी यांचा क्रमांक दाखवते: ००००-०००२-१८२५-००९७. हे ब्राउन विद्यापीठातले काल्पनिक प्राध्यापक, विषय ‘सायकोसिरॅमिक्स’, म्हणजे तडा गेलेल्या मडक्यांचं शास्त्र!

यातला शेवटचा ७ हा तपासणीचा अंक. पहिल्या पंधरा अंकांतला एकेक अंक डावीकडून घ्यायचा, आधीच्या उत्तरात मिळवायचा आणि बेरजेची दुप्पट करायची. सुरुवातीच्या शून्यांनंतर २ येतो, त्याचे ४. मग १ मिळवून १०, ८ मिळवून ३६, २ मिळवून ७६, ५ मिळवून १६२. दोन शून्यांमुळे ३२४ आणि ६४८. शेवटी ९ मिळवून १३१४. याला ११ ने भागलं की बाकी ५ उरते. १२ मधून ५ गेले, राहिले ७. वजाबाकीचं उत्तर ११ आलं तर ० लिहितात आणि १० आलं तर इंग्रजी एक्स. म्हणून कुणाच्या क्रमांकाच्या शेवटी एक्स दिसला तर ती छपाईची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. क्रमांक हाताने उतरवताना एखादा अंक चुकला, तर संगणक तो या हिशेबामुळेच पकडतो.

नोंदणी

आधी ऑर्किडच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधा. पूर्वी कधीतरी निबंध पाठवताना घाईघाईत खातं उघडलेलं असतं आणि विसरलेलं असतं. नसेल तरच नवं काढा. नाव इंग्रजीत, निबंधांवर बहुतेक वेळा जसं छापून येतं तसं लिहा. आडनाव सक्तीचं नाही.

ईमेलच्या रकान्यात बहुतेकांची गफलत होते. महाविद्यालयाचा ईमेल देतात, कंत्राट संपतं किंवा पीएच.डी. पूर्ण होते, तो पत्ता बंद पडतो आणि पासवर्ड विसरला की खात्याचं दार बंद. म्हणून दोन ईमेल द्या: एक संस्थेचा, एक कायमचा स्वतःचा. दोन्हींवर आलेली पडताळणीची लिंक उघडा. पडताळणी झाल्याशिवाय रेकॉर्डमध्ये हाताने काही भरता येत नाही.

पुढे दृश्यता विचारतात. हिरवा म्हणजे सर्वांना, पिवळा म्हणजे तुम्ही परवानगी दिलेल्या संस्थांना, लाल म्हणजे फक्त तुम्हाला. निवड समितीला काम दिसायला हवं असेल तर हिरवा ठेवा. हा पर्याय नंतर बदलला तरी तो पुढच्या नोंदींनाच लागू होतो. जुन्या नोंदी लाल राहिल्या असतील तर त्या वेगळ्याने बदलाव्या लागतात. ‘माझं रेकॉर्ड रिकामं दिसतं’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असतं.

नावाची सगळी रूपं

‘या नावांनीही ओळखले जाते’ असा एक रकाना आहे. आद्याक्षरांची रूपं, लग्नाआधीचं आडनाव, स्पेलिंगचे फरक आणि देवनागरीतलं पूर्ण नाव, सगळं तिथे घाला. एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन कोंबू नका, प्रत्येक रूपाची वेगळी नोंद करा.

नोकरी आणि शिक्षण भरताना संस्थेचं नाव टाइप करायला लागलं की खाली यादी उघडते. त्यातूनच निवडा. तसं केलं की तुमची नोंद संस्थेच्या स्वतःच्या कायम ओळखक्रमांकाशी जोडली जाते. पुणे विद्यापीठाचं २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. नुसती अक्षरं लिहिली असतील तर संगणकाला ती दोन विद्यापीठं वाटतात. महाविद्यालय यादीत सापडलंच नाही तर मात्र हाताने लिहिण्यावाचून इलाज नाही.

निबंध कसे जोडायचे

सगळे निबंध हाताने टाइप करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, शिवाय त्यात चुका होतात. निबंधाला डीओआय (प्रकाशकाने नोंदवलेला निबंधाचा कायमचा क्रमांक) असेल तर ‘डीओआय जोडा’ निवडून तो चिकटवा, बाकीचा तपशील आपोआप येतो. निबंध बरेच असतील तर ‘शोधा आणि जोडा’ मधून क्रॉसरेफ, डेटासाइट (दोन्ही डीओआय नोंदवणाऱ्या संस्था) किंवा स्कोपस या निबंधसूचीला परवानगी द्या आणि त्यांनी दाखवलेल्या यादीतून स्वतःचे तेवढे निवडा. यादीत दुसऱ्या पाटलांचे निबंधही असतील, त्यामुळे ‘सर्व निवडा’वर बोट ठेवण्याआधी थांबा.

डीओआय नसलेलं मराठी काम मात्र हातानेच भरावं लागतं, आणि वेळ द्यायचा तो इथे. शीर्षक देवनागरीत लिहा, भाषा मराठी निवडा आणि भाषांतरित शीर्षकाच्या रकान्यात इंग्रजी शीर्षक द्या, म्हणजे दोन्ही लिपींतून शोध लागतो. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) असेल तर तिथल्या पानावर १०६०३ ने सुरू होणारा हँडल क्रमांक, म्हणजे त्या प्रबंधाचा कायमचा क्रमांक असतो. ओळखक्रमांकाचा प्रकार हँडल निवडून तो टाका. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) देताना नातं ‘भाग आहे’ असं निवडा. ‘स्वतः’ निवडलंत तर त्या पुस्तकातली तुमची तीन प्रकरणं एकच काम समजून एकाखाली एक गटात जातात आणि दोन दिसेनाशी होतात. नियतकालिकाच्या आयएसएसएनलाही हाच नियम.

निबंध पाठवताना

नियतकालिकं निबंध स्वीकारायला वापरतात त्या एडिटोरियल मॅनेजर किंवा स्कॉलरवन यांसारख्या प्रणालीत ऑर्किडचं बटण असतं. त्यावरून लॉगिन करा. क्रमांक नुसता टाइप केला तर तो तुमचाच आहे याची खातरजमा होत नाही. सहलेखकांनाही आपापल्या खात्यातून हे करायला सांगा, नाहीतर क्रमांक फक्त पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचाच जातो. प्रकाशकाने डीओआय नोंदवताना क्रमांक सोबत पाठवला की क्रॉसरेफकडून ऑर्किडच्या इनबॉक्समध्ये परवानगीची विनंती येते. ती एकदा मान्य केली की त्या पद्धतीने आलेले पुढचे निबंध आपोआप चढतात. विनंती आलीच नाही तर प्रकाशकाने क्रमांक पाठवला नाही, असं बहुधा समजावं. तेव्हा डीओआय स्वतः जोडा.

प्रत्येक नोंदीखाली ती कुणी भरली हेही दिसतं. ऑर्किड कामाची गुणवत्ता तपासत नाही, लेखकाने स्वतः भरलेल्या नोंदीचा खरेपणाही पाहत नाही. त्यामुळे अर्जदाराची यादी वाचताना स्रोत ‘क्रॉसरेफ’ आहे की तो स्वतः, हे जाणकार आधी बघतात.

स्कोपसचा लेखक क्रमांक, वेब ऑफ सायन्स या निबंधसूचीचा रिसर्चर आयडी आणि इन्फ्लिबनेटच्या ‘विद्वान’ या तज्ज्ञसूचीतला क्रमांक हे वेगळे. स्कोपसचा तर संगणक परस्परच तयार करतो, आणि एका माणसाचे दोन क्रमांकही पाडतो. ते ऑर्किडला जोडून ठेवा, त्याच्या जागी वापरू नका.

दोन क्रमांक निघाले असतील तर

नियतकालिकांना आणि स्कोपसला जो जोडलेला आहे तो ठेवा. जाणाऱ्या खात्यातली माहिती राहणाऱ्या खात्यात येत नाही, म्हणून आधी तिथले निबंध बिबटेक (संदर्भयादी साठवण्याचा एक प्रकार) फाइलमध्ये उतरवून घ्या. मग राहणाऱ्या खात्यात लॉगिन करून सेटिंगमधल्या ‘दुहेरी रेकॉर्ड काढा’ वर जा आणि जाणाऱ्या खात्याचा क्रमांक व पासवर्ड द्या. फाइल नव्या खात्यात चढवा. जुना क्रमांक दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. जुन्या निबंधांवर तो छापलेला असला तरी उघडणारा वाचक आपोआप राहिलेल्या क्रमांकावर पोहोचतो.